कल्हई गेलेलं तपेलं

बाईंचा उजवा हात तुमच्या काकाने मोडला. हे वाक्य आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही. त्याने तुम्हाला फोनवर सांगितलं की मंडळाच्या महाप्रसादाला थोडी बाचाबाची झाली, एक स्वयंपाकीण सांडलेल्या ताकावरून घसरून पडली आणि आजी, म्हणजे मी, उगाच मध्ये गेली. ताक सांडलं हे खरं आहे. बाकीचं मी क्रमाने सांगते. तुमचं काकावर प्रेम आहे, ते कमी व्हावं म्हणून मी हे लिहीत नाही. पण कसबा पेठेत सध्या या गोष्टीच्या बऱ्याच आवृत्त्या फिरतायत आणि तुमच्यापर्यंत त्यातली सगळ्यांत सोयीची पोचली आहे.

बाई यवतमाळकडच्या. नवऱ्याला पिंपरीत काम लागलं म्हणून इकडे आल्या, नवरा वारला, तेव्हा परत न जाता शनिवार पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांनी खानावळ काढली. जेवायला विद्यार्थी आणि कंपन्यांत जाणारी मुलं. सणासुदीला मंडळांचे आणि लग्नाचे स्वयंपाकही घेत. हाताखाली त्यांच्याच भागातल्या काही बायका. बाई अंगाने भरल्या, आवाज खणखणीत, आणि हात फार लवकर सुटायचा.

माझी त्यांची ओळख वर्गात झाली. कॉलेजात मी आयुष्यभर आहारशास्त्र शिकवलं, ते इंग्रजीतून. निवृत्त झाल्यावर खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या लोकांसाठी स्वच्छतेचे वर्ग होतात तिथे शिकवायला जाऊ लागले आणि सगळं मराठीतून पुन्हा शिकले. वडापाववाले, पोळीभाजी केंद्रवाल्या, केटरिंगवाले असे सगळे येतात. त्यांना काही ठाऊक नसतं असा माझा समज होता. प्रत्यक्षात सगळं ठाऊक असतं. हात कधी धुवायचे विचारलं की शाळेतल्यासारखे एका सुरात सांगतात: शौचाहून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, कच्च्या मांसाला हात लावल्यावर, पैसे मोजल्यावर. मग चहाची सुट्टी होते. नळ दाराशीच असतो, आणि सगळे हात थेट बिस्किटांच्या ताटात जातात.

त्या दिवशी एकट्या बाई नळाशी गेल्या. परत येताना आपल्याबरोबरच्या दोघींना बिस्किटं घेताना पाहिलं आणि भर वर्गात एकीच्या हातावर फाडकन मारलं. बिस्किट लांब जाऊन पडलं.

"अहो बाई, इथे मारामारी नको," मी म्हटलं.

"मारामारी कुठं वो मॅडम. आत्ता तुमीच तर सांगितलं न."

पुढे त्यांच्या खानावळीची पाहणी करायला गेले. भिंतीवर चुना, भांडी उपडी, पीठ झाकलेलं, प्रत्येकीच्या डोक्याला फडकं. असं नीटनेटकं स्वयंपाकघर पाहिलं की मला बरं वाटतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी तसं म्हणणार तेवढ्यात बाईंनी पळीचा दांडा एका बाईच्या मनगटावर हाणला. ती कळवळून खाली बसली.

"काय केलं तिने?"

"पदराले हात पुसला. त्याच पदरानं सकाळी लेकराचं नाक पुसलं व्हतं. म्या पाह्यलं."

"म्हणून मारायचं? असं मारून कुणी शिकतं का?"

"तुमच्या वर्गात येऊन तिनं पाठ केलं, पण हाताले नाही समजलं," बाई म्हणाल्या. "मंग हातालेच सांगा लागते."

मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की भीतीने माणूस हात धुतो तसा आजारही लपवतो. हे पाळणं त्यांना जमलं नाही, पण पटलं असावं. पुढे एकदा त्यांच्याकडच्या एकीला जुलाब होत असूनही ती पोळ्या लाटत बसली होती. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिच्या मुस्काटात मारली, आणि मग तिला रिक्षात घालून स्वतः दवाखान्यात नेलं. दोन्ही एकाच माणसाने केलं. मला त्या कधी आवडायच्या, कधी नाही.

आता तपेल्याबद्दल. आपली गल्ली एके काळी तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांची. ठोक्यांच्या आवाजात तुमचे बाबा आणि काका अभ्यास करायचे. गल्लीतल्या कारागिरांनी फार पूर्वी मंडळाला एक तांब्याचं तपेलं करून दिलं होतं. लहान मूल उभं राहील एवढं खोल, बाहेरून लालसर आणि आतून राखाडी. ते राखाडी म्हणजे कल्हई, कथलाचा मुलामा. तांब्यात आंबट ठेवलं की तांबं त्यात उतरतं, अन्न कळकतं. खाल्लं की मळमळ, पोटात कळा, उलट्या. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते फार बाधतं. कल्हई मध्ये असली की काही होत नाही. माझ्या लहानपणी कल्हईवाला दारावर यायचा, आणि हे सांगायला आहारशास्त्र शिकलेलं कुणी लागत नसे.

मंडळाच्या महाप्रसादाचा मठ्ठा त्या तपेल्यातच ठेवायचा, असा रिवाज. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी कार्यकर्त्यांनी ते माळ्यावरून काढलं तेव्हा काळवंडलं होतं. तुमचा काका मंडळाचा खजिनदार. त्याच्या कंपनीसाठी काम करणारं एक वर्कशॉप भोसरीत आहे, तिथे तो ते टेम्पोत घालून घेऊन गेला. तपेलं परत आलं ते आत-बाहेर आरशासारखं. आतला राखाडी थर म्हणजे वर्षानुवर्षांचा मळ समजून मशीनवर पार घासून काढला होता. भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली पोरं आणि माझा इंजिनिअर मुलगा, कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मी ते पाहिलं तेव्हा त्याला हार घातलेला होता आणि तोंडावर लाल कापड बांधलेलं होतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण तिकडे परदेशात तुमच्याकडे ती नाही. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न कुणी चाखायचं नाही. स्वयंपाक करणाऱ्यानेही नाही. मीठ अंदाजाने घालायचं. आपल्या घरातही सणाला मी तसंच करते. चाखलं तर ते उष्टं झालं, आणि उष्टं देवाला चालत नाही.

सत्यनारायणाच्या पूजेचा दिवस होता. मांडवाला लागून, मागच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बाईंच्या शेगड्या लागल्या होत्या. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. मठ्ठा बाईंनी स्टीलच्या डब्यांतून आणला होता. मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं भांड्यांचं दुकान आहे त्यांनी, तो तपेल्यात ओतायला लावला. बाई तेव्हा भाताशी होत्या, ओतला त्यांच्या बायकांनी. पूजा वेळेत आटोपली. पण आरती एका बड्या पाहुण्यांच्या हस्ते होणार होती आणि पाहुण्यांची गाडी कुठेतरी अडकली होती. म्हणजे आरती नाही, आरती नाही तर नैवेद्य नाही. मांडवात पहिली पंगत लहान मुलांची बसवून ठेवलेली. ती पत्रावळीवर बोटांनी रेघा काढत होती. मठ्ठा मिठासकट, आल्यासकट त्या तांब्यात तासन्‌तास मुरत राहिला.

मी बायकांमध्ये पुढे बसले होते. मागून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले. बाई मोरीपाशी थुंकत होत्या आणि एक कार्यकर्ता त्यांच्याकडे बोट दाखवून अध्यक्षांना सांगत होता, "भाऊ, हिने चाखला. चमच्याने घेऊन चाखला, मी बघितलं."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या खानावळीत काय करता ते करा. इथे आधी गणपती जेवतो. की तुम्हाला त्याच्याआधी भूक लागली?"

"गणपतीले पाजाल तर त्यालेबी ओकारी व्हईल," बाई म्हणाल्या. "कळकलं हाय. काठाले पाहा, हिरवं आलं."

"काय आलं?"

"आत कल्हईच नाही. कोनं खरवडली?"

तुमचा काका पुढे झाला. नवा कुर्ता, गळ्यात उपरणं. "खरवडली काय? पॉलिश करून आणलंय. आरशासारखं झालंय बघा."

"तोंड पाहाले आणलं का ताक ठेवाले?"

माणसं हसली. तिथे जमलेली बहुतेक माणसं त्याला लहानपणापासून ओळखणारी होती, आणि ती मनापासून हसली. मी त्याचा चेहरा पाहिला. शाळेत असताना हरला की त्याचे कान लाल व्हायचे, तसे झाले.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही हे शिकवता ना? तुम्हीच सांगा काय ते."

मी तपेल्यात पाहिलं. वरचा मठ्ठा पांढरा होता, काठाशी जिथे वाळला होता तिथे निळसर हिरवी कड. मी चमचा मागितला. माझ्यामागे कुणीतरी "आता ह्या पण" असं म्हणालं. मी एक चमचा तोंडात घेतला. जुनं नाणं जिभेवर धरावं तशी चव. मी मोरीशी जाऊन थुंकले आणि चूळ भरली.

"हा मठ्ठा कुणालाही वाढू नका," मी म्हटलं. "मुलांना तर नाहीच."

"आई, तू घरी जा बरं," तुमचा काका म्हणाला.

"मी घरी जाते. तू आधी हे फेकून दे."

"एवढ्या लोकांसमोर देवाचा प्रसाद फेकून देऊ?"

अध्यक्षांनी व्यापाऱ्यासारखा मार्ग काढला. वरचा थर काढून टाका, साखर वाढवा, बर्फ घाला, म्हणाले. पाहुणे आले की नैवेद्य उरकू आणि थोडा थोडा वाढू. दोन कार्यकर्ते जग घेऊन तपेल्याशी आले.

बाईंनी तपेल्याच्या काठाला दोन्ही हात घातले. "वाढाल आन्‌ निघून जाल. उद्या पोरं ओकली का नाव माह्यं येईन. मंडळाचं नाही, भांडंवाल्याचं नाही. यवतमाळच्या बाईनं इख घातलं म्हनतीन. माही खानावळ बंद. मंग ह्या बाया कुठं जातीन?"

"हात काढा," काका म्हणाला.

"नाही काढत."

त्याने त्यांचं मनगट धरलं. त्यांनी दुसऱ्या हाताने पळी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. हे मी मुद्दाम लिहिते आहे: आधी त्यांनी मारलं. पळीची कड त्याच्या कानाला लागली, पाळी फाटली, आणि रक्त कुर्त्यावर उतरलं. तो क्षणभर कानाला हात लावून नुसता उभा राहिला. तेवढ्यात बाईंनी तपेल्याखालची वीट लाथेने उडवली आणि खांदा लावला.

तपेलं आडवं झालं तेव्हा देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला आणि बराच वेळ विरला नाही. मठ्ठा फरशीवरून मांडवात गेला, सतरंजीखाली, मुलांच्या पत्रावळींखाली. मुलं किंचाळत उठली. कार्यकर्ते धावताना घसरले, एकाचं डोकं शेगडीच्या पायावर आपटलं. आणि मग ते सगळे बाईंवर गेले.

गर्दी एखाद्याला कशी मारते हे मी त्याआधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. कुणी केस धरले. कुणी पाठीत बुक्के घातले. झेंड्याची काठी घेऊन एकजण आला, पण त्याला जागाच मिळेना, तेव्हा त्याने ती माणसांच्या मधून भोसकल्यासारखी आत सारली. ज्यांना काय झालं ते ठाऊक नव्हतं तेही मारत होते. "प्रसाद उष्टा केला" एवढंच मागून पुढे येत होतं. एक गृहस्थ, ज्यांच्या मुलीला मी शिकवलं आहे, ते चप्पल काढून बाजूला ठेवून आले आणि अनवाणी पायाने लाथ मारून परत चप्पल घालायला गेले. देवाच्या मांडवात चप्पल नको म्हणून.

बाई पालथ्या पडल्या होत्या. त्यांच्या हातात अजून पळी होती. तुमच्या काकाने गुडघा त्यांच्या पाठीवर टेकला आणि पळी सोडवायला तो हात मागे पिरगळला. त्यांनी सोडली नाही. "सोड, सोड म्हणतो ना," असं तो म्हणत होता. आवाज चढलेलाही नव्हता. पळी सुटल्यावर त्याने थांबायला हवं होतं. पळी सुटली, खाली पडली, मी ती पडताना पाहिली, आणि त्यानंतर त्याने हात आणखी वर नेला. शेवग्याची शेंग मोडतो तसा आवाज आला.

मी कशी गेले ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या अंगावर आडवी पडले एवढं आठवतं. मठ्ठ्याचा आणि कोथिंबिरीचा वास येत होता. बरगडीत एक लाथ बसली, ती माझ्यासाठी नसणार. मग तुमच्या काकाने मला काखेत हात घालून उठवलं आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. पन्नाशीला आलेला मुलगा. ज्या बाजूला कान फाटला होता त्याच बाजूला लागली. माझ्या तळहाताला त्याचं रक्त लागलं.

मारहाण थांबली ती माझ्यामुळे नव्हे. बाईंच्या हाताखालच्या ज्या बाईने एकदा मनगटावर पळी खाल्ली होती, ती जिलबीच्या कढईशी होती. तिने झारा टाकला, लांब दांड्याचा डाव उकळत्या तुपात बुडवून भरून घेतला आणि घेऊन आली. तूप काठावरून फरशीवर सांडत होतं आणि ओल्या फरशीवर तडतडत होतं.

"सरका," ती म्हणाली. "जो सरकनार नाही त्याच्या तोंडावर टाकते."

सरकले. अध्यक्षही सरकले. ती बाईंच्या डोक्याशी तो डाव धरून उभी राहिली. तूप अजून काठावरून गळत होतं, आणि त्यालाच सगळे घाबरत होते.

तेवढ्यात बाहेर बँड वाजायला लागला. पाहुणे आले होते.

हॉस्पिटलात बाईंच्या मनगटात पट्टी आणि स्क्रू घातले. दोन बरगड्याही मोडल्या होत्या. मला नुसता मुका मार होता. पोलिसांनी माझा जबाब चौकीत घेतला. मी तो क्रमाने दिला: तपेलं, कल्हई, मठ्ठ्याची चव, बाईंनी मारलेली पळी, मग माझ्या मुलाने पिरगळलेला हात, पळी खाली पडल्यानंतरसुद्धा. लिहून घेणारा हवालदार थांबला. "आजी, मुलाचं नाव घालायचं का?" त्याने विचारलं. मी त्याला नाव आणि पत्ता दोन्ही सांगितलं. पत्ता माझाच आहे.

त्या जबाबाने कुणाचंच समाधान झालं नाही. बाईंच्या बायका (त्या एव्हाना मला काकू म्हणायला लागल्या होत्या) म्हणाल्या, काकूंनी पळीचं कशाला सांगितलं. गल्ली म्हणाली, पोटच्या पोराला अडकवलं. आणि मठ्ठ्याचं तर कुणी मनावरच घेतलं नाही, कारण एकाही माणसाला काही झालं नव्हतं. कुणी प्यालंच नव्हतं. एखादं पोर जरी ओकलं असतं तरी आज बाई देवमाणूस ठरल्या असत्या. आता त्या प्रसाद उष्टा करणारी आणि सांडणारी बाई ठरल्या. दुसऱ्या दिवशी फरशी पाइपने धुऊन काढली. तपासायला पाठवावा एवढाही मठ्ठा उरला नाही. तपेलं सजावटीला ठेवलं, फुलं घालून.

अन्न स्वच्छ ठेवायचं हे काम किती अवघड आहे ते तेव्हा मला नव्याने कळलं. नीट केलं तर काहीच घडत नाही. न घडलेल्या उलट्या दाखवणार कशा?

घरी तुमचा काका टाके घातलेला कान घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "तू माझ्याविरुद्ध लिहून दिलंस?"

"मी पाहिलं ते लिहून दिलं."

"तिने मला मारलं ते?"

"तेही आहे त्यात."

त्याने ओट्यावरचं ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. मग दुसरं. मी भाजी निवडत बसले होते, बसूनच राहिले. तिसरं ताट हातात घेऊन तो थांबला. स्टीलची ताटं फुटत नाहीत, नुसती गरगरतात, आणि ती गरगरायची थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो. त्यानंतर तो त्याच्या खोलीत जेवायला लागला. "जबाब बदल" असं तो रोज म्हणायचा, कधी रागाने, कधी पाया पडून. खटल्यात नाव राहिलं तर नोकरी जाईल, हेही सांगायचा. ते खरं होतं. मी बदलला नाही.

बाईंची पेठेतली कामं गेली. लग्नाचे स्वयंपाक तर कुणीच देईना. खानावळ चालू होती, पण मोडलेला हात वाकडा जुळला. भाकरी थापताना तो वळायचा नाही, पळी धरताना सुटायचा. आता मारायची वेळ आली तरी डाव्या हाताने मारावं लागतं, असं त्या मला म्हणाल्या होत्या. हसत नव्हत्या.

यंदा गणपतीच्या आधी त्या घरी आल्या. काका खोलीत होता, त्याने दार लावून घेतलं.

"काकू, म्या मिटवून टाकलं," त्या म्हणाल्या. "कोर्टात लिहून देनार हाव."

मला राग आला. "का? तुमचा हात मोडलाय. तुम्हाला धमकावलं का कुणी?"

"धमकी कशाची? अध्यक्ष आले व्हते खानावळीत. यंदाचं काम देतो म्हने. आजूबाजूच्या मंडळांची बी देववतो म्हने. चार बायांची पोटं हायत माह्याजवळ. हाताचं काय, हात काही परत येत नाही."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"तसंच नाही म्हटलं." त्यांनी पदर खोचला. "म्हटलं, स्टीलचे ड्रम आनाचे. पाहुन्याची वाट नाही पाहाची. आन्‌ नैवेद्याच्या आधी चव मी घेनार. सगळ्यायसमोर."

"हे कबूल केलं त्यांनी?"

"केलं. म्हने देवाची क्षमा मागून घेऊ."

माझ्या जबाबाने जे झालं नसतं ते त्यांनी आपला हात देऊन विकत घेतलं होतं, आणि त्या बदल्यात माझा मुलगा सुटणार होता. मला त्यात आनंद मानता येत नव्हता आणि दुःखही करता येत नव्हतं. मी चहा टाकला.

"अजून एक मागितलं," त्या चहा पिताना म्हणाल्या, आणि बंद दाराकडे पाहिलं. "वाढाले तुमचा पोरगा पाहिजे. माह्या हाताखाली."

यंदाच्या महाप्रसादाला मी गेले. पार्किंगमध्ये पोलीस उभा होता, अध्यक्षांनीच बोलावलेला. बाईंनी प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं वाटीत काढून उभ्यानेच चाखलं. मागे गर्दीतून एकजण काहीतरी बोलला. बाईंनी वळून पाहिलं आणि डाव्या हातातला डाव खाली ठेवला नाही. मग त्यांनी मान हलवली, भटजींनी नैवेद्य दाखवला आणि पंगत बसली. पाहुणे आले तेव्हा दुसरी पंगत अर्धी झाली होती. त्यांना रांगेत उभं राहावं लागलं.

तुमचा काका मठ्ठ्याकडे होता. डोक्याला कागदी टोपी, फाटलेल्या कानाची पाळी तिच्याखालून दिसत होती. तो ड्रममधून पेले भरून तबकात ठेवत होता. घाईघाईत, बोटं पेल्याच्या आत घालून. बाई मागून आल्या. मला वाटलं, आता मारतात. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने खांदे आवळले आणि डोळे मिटले.

त्यांनी त्याच्या हातातला पेला वाकड्या हाताने काढून घेतला, मोरीत ओतला आणि दुसरा कोरा पेला त्याच्यासमोर धरला. बाहेरून, खालच्या बाजूला. त्याने तो तसाच धरून घेतला.